मुंबई ते न्यूयॉर्क किती किलोमीटर आणि किती तास? विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ काढण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे नेमकं काय मोजायचं?

पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणारी सगळ्यात जवळची वाट. भूगोलाच्या पुस्तकात जे बृहद्वृत्त शिकवतात, त्याचाच हा एक तुकडा. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवा आणि दोरा ताणा. तो जिथून जाईल ती जवळची वाट. सगळी अंतर-गणकं हेच अंतर दाखवतात. विमान प्रत्यक्षात जितकं उडतं, ते अंतर मात्र वेगळं असतं. त्याबद्दल पुढे.

नकाशावर सरळ रेघ मारून मोजलं तर?

लांबच्या अंतराला ही चूक महागात पडते. भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवलीत, तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया असं करत अटलांटिक ओलांडते. ही वाट सुमारे १४,२०० किमीची आहे. खरी जवळची वाट मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून, ३३३ अंशांच्या (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेल्या) दिशेने निघते. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या अगदी जवळून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, मग आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. तिची लांबी सुमारे १२,५४० किमी. म्हणजे पट्टीच्या रेघेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटर कमी. "विमान उगाच वर ग्रीनलंडपर्यंत का जातं?" हा प्रश्न नकाशा सपाट असल्यामुळे पडतो, गोलावर पाहिलं की तीच वाट सरळ दिसते.

हे अंतर स्वतः कसं काढायचं?

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि साइन-कोसाइन देणारा कॅल्क्युलेटर, एवढंच लागतं. सूत्र असं:

कोसाइन(कोन) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कोसाइन(अक्षांश १) × कोसाइन(अक्षांश २) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

आलेल्या उत्तराचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घेतला की पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन मिळतो. तो रेडियनमध्ये घ्या (अंश × ३.१४१६ ÷ १८०) आणि पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ ने गुणा, किलोमीटर आले.

मुंबई ते लंडन हीथ्रो करून पाहू.

मुंबई: अक्षांश १९.०८८७, रेखांश ७२.८६७९ पूर्व
हीथ्रो: अक्षांश ५१.४७०६, रेखांश ०.४६१९ पश्चिम, म्हणजे उणे ०.४६१९
रेखांशांतला फरक: ७२.८६७९ + ०.४६१९ = ७३.३२९८

पहिला भाग: ०.३२७०३ × ०.७८२२९ = ०.२५५८३
दुसरा भाग: ०.९४५०१ × ०.६२२९२ × ०.२८६८६ = ०.१६८८६
बेरीज: ०.४२४६९

व्यस्त कोसाइन: ६४.८७ अंश, म्हणजे १.१३२२ रेडियन. गुणिले ६,३७१ केलं की ७,२१३ किमी.

सागरी मैल हवे असतील तर आणखी सोपं आहे. अंशांना ६० ने गुणायचं: ६४.८७ × ६० = ३,८९२. वैमानिकांचं सगळं गणित याच मैलांत चालतं, कारण पृथ्वीवरची एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल.

दोन विमानतळ एकमेकांच्या फार जवळ असतील, म्हणजे अंतर काही किलोमीटरचंच असेल, तर हे सूत्र दशांश स्थळांच्या मर्यादेमुळे अडखळतं. तिथे हॅवरसाइन नावाचं दुसरं सूत्र वापरावं. लांबच्या प्रवासाला दोन्ही सारखीच.

माझं उत्तर भलतंच येतंय. कुठे चुकलं असेल?

बहुतेक वेळा यांपैकी एका ठिकाणी:

*पूर्व-पश्चिमेचं चिन्ह.* पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे लिहायचे असतात. न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळाचा रेखांश ७३.७८ पश्चिम आहे. उणे चिन्ह विसरलात तर न्यूयॉर्क उचलून किर्गिझस्तानात, ओश शहराच्या आसपास जाऊन पडतं आणि मुंबईपासूनचं अंतर २,४०० किमी येतं. मॉरिशसचा अक्षांश २०.४३ दक्षिण, त्याचं उणे चिन्ह राहिलं तर तो ओमानच्या किनाऱ्याजवळ येतो आणि ४,७०० ऐवजी १,६०० किमी दिसतात. इतकी मोठी चूक निदान लगेच लक्षात येते. लंडनची लक्षात येत नाही, कारण त्याचा रेखांश शून्याच्या इतका जवळ आहे की चूक जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरची होते आणि उत्तर बरोबर वाटतं.

*कला आणि दशांश यांची गल्लत.* ७२ अंश ५२ कला म्हणजे ७२.५२ नव्हे. ५२ भागिले ६० करायचं: ७२.८६७. ही चूक मुंबईच्या अक्षांशावर सदतीस किलोमीटरची होते.

*अंश आणि रेडियन.* स्प्रेडशीटमधली साइन-कोसाइनची फंक्शनं रेडियन मागतात. आधी प्रत्येक अंशाला π ने (३.१४१६) गुणून १८० ने भागा. ही पायरी गाळली तर उत्तराला काही अर्थच उरत नाही.

*मैल कुठले?* सागरी मैल १.८५२ किमी, जमिनीवरचा मैल १.६०९ किमी. मुंबई-लंडन ३,८९२ सागरी मैल आहे आणि जमिनीच्या मैलांत सुमारे ४,४८०. इंग्रजी संकेतस्थळांवर नुसतं "मैल" लिहिलेलं असेल तर ते बहुधा जमिनीचे. "नॉटिकल" असं लिहिलं असेल तरच सागरी.

दोन संकेतस्थळं दोन वेगळे आकडे का दाखवतात?

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाकडे ६,३५७ किमी. कुणी गोल धरून हिशेब करतं, तर कुणी जीपीएसला आधारभूत असलेला डब्ल्यूजीएस ८४ हा चपटा आकार धरून. दोन्हींतला फरक फार तर अर्धा टक्का पडतो. मुंबई-लंडनला तो दहा किलोमीटरच्या आत असतो, त्यामुळे ७,२१३ आणि ७,२२१ या दोन्हींना बरोबर म्हणावं. प्रवासाची वेळ काढायला हा फरक अजिबात महत्त्वाचा नाही. वाऱ्याची झुळूक त्याहून जास्त फरक करते.

विमान अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं. मग वाट लांबते ना?

लांबते, पण किती? ११ भागिले ६,३७१, म्हणजे ०.१७ टक्का. लंडनपर्यंत बारा किलोमीटर. एका मिनिटाहूनही कमी. सोडून द्या.

पटकन अंदाजासाठी काही ठोकताळा?

किलोमीटरना ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. मुंबई-दिल्ली १,१४० किमी: दोन तास पाच मिनिटं. मुंबई-दुबई १,९३० किमी: तीन तास. मुंबई-न्यूयॉर्क १२,५४० किमी: साडेपंधरा तास. वेळापत्रकांच्या हा आकडा बराच जवळ जातो. लांबच्या प्रवासात पश्चिमेला जाताना अर्धा-पाऊण तास वाढवा, पूर्वेला येताना तेवढाच कमी करा.

ठोकताळ्यापेक्षा नेमका हिशेब कसा करायचा?

मुंबई-लंडनच घेऊ, जाताना.

आधी वाट. विमान बृहद्वृत्तावरून हुबेहूब उडत नाही. नाव दिलेल्या ठराविक बिंदूंना जोडणाऱ्या मार्गांवरून जातं, लष्करी आणि बंद हवाई क्षेत्रं टाळतं, धावपट्टी ज्या दिशेला असेल तिकडे वळून येतं. सगळं सुरळीत असताना ५ टक्के वाढ धरावी: ७,२१० चे ७,५७० किमी.

मग वेग. उंचावर, उणे साडेछप्पन्न अंश तापमानात आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६२ किमी असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० त्याच्या ०.८५ पट वेगाने जातात: ताशी ९०० किमी. एअरबस ए३२० ०.७८ पट, म्हणजे ८३० च्या आसपास. कुठलं विमान लागणार हे तिकिटावर लिहिलेलं असतं. सात-आठ तासांच्या प्रवासात एवढ्यानेच अर्ध्या तासाचा फरक पडतो.

आता वारा. जाताना तो समोरून येतो. सरासरी ताशी ७५ किमी धरला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८२५ उरतो. ७,५७० भागिले ८२५: नऊ तास अकरा मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याचे पंधरा मिनिटं. जमिनीवर गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर धावपट्टीपासून गेटपर्यंत मिळून अर्धा तास. एकूण नऊ तास छप्पन्न मिनिटं.

येताना तोच वारा पाठीशी असतो. वेग ९७५, हवेतला वेळ सात तास सेहेचाळीस मिनिटं, वरचे पंचेचाळीस धरून साडेआठ तास. एकाच वाटेवर जाताना-येताना जवळजवळ दीड तासाचा फरक.

येताना वाचतो तो वेळ जाताना गेलेल्या वेळेची भरपाई करतो का?

पूर्ण नाही. ३,६०० किमीचं अंतर, वेग ९००, वारा १०० घ्या. वारा नसता तर जाऊन-येऊन आठ तास. वाऱ्यासह जाताना ३,६०० भागिले ८०० म्हणजे साडेचार तास, येताना ३,६०० भागिले १,००० म्हणजे ३.६ तास. एकूण ८.१. सहा मिनिटं जास्त. कारण उघड आहे: उलट वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं आणि पाठच्या वाऱ्यात कमी. म्हणूनच "सरासरी वारा शून्य" असं धरून वर्षाचा हिशेब करू नये.

पृथ्वी फिरते म्हणून पूर्वेकडे जाताना वेळ कमी लागतो, हे खरं का?

नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेतलं विमानही. फरक पडतो तो जेट प्रवाहामुळे: दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या पट्ट्यामुळे. हिवाळ्यात यातला एक पट्टा इराणी आखात आणि उत्तर भारतावरून जातो आणि त्यात ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेग सापडतो. पावसाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. त्यामुळे आखातातून मुंबईला येणारी जानेवारीतली आणि जुलैतली विमानं वेगवेगळा वेळ घेतात. कंपन्या वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा हाही हिशेब त्यात असतो.

वाऱ्याचं बळ पाहायचं तर दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घ्यावं. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जायची: सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर १५,३०० किमी झालं, पण वारा पाठीशी मिळाला आणि प्रवास साडेचौदा तासांत उरकला. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही वेळ कमी! अंतर आणि वेळ ही दोन वेगळी गणितं आहेत, हे यावरून पक्कं लक्षात राहतं.

दोन शहरं तीच, मग दोन कंपन्यांच्या विमानांना वेळ वेगळा का?

विमानाची जात हे एक कारण. पण गेल्या काही वर्षांत त्याहून मोठं कारण आहे बंद आकाश.

वर दिलेली मुंबई-न्यूयॉर्कची जवळची वाट पुन्हा वाचा. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली. याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंतही ते बंद होतं. रशियाचं आकाश २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे भारतीय कंपनीला वाटेचा एक तुकडा बंद, अमेरिकी कंपनीला दुसरा. दोघींना दोन वेगळे वळसे. अशा वेळी ५ टक्क्यांची वाढ पुरत नाही. १० ते १५ टक्के धरा.

पाकिस्तानच्या बंदीचा फटका दिल्लीला जास्त बसतो. तिथलं विमान आधी गुजरातकडे खाली येऊन मग अरबी समुद्रावरून ओमानकडे वळतं. मुंबईचं विमान निघताक्षणी समुद्रावरच असतं, त्यामुळे त्याचा वळसा लहान.

आणखी दोन अडथळे आकाशात कायमचे आहेत. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठराविक मिनिटांत पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे, म्हणून महासागरावर आणि ध्रुवाजवळ त्याची वाट वाकते. आणि हिमालय-तिबेटवरून सहसा कुणी जात नाही, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं; तिथे डोंगरच त्याहून उंच आहेत.

तिकिटावरचा वेळ हवेतला असतो का?

नाही. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा. त्यात रांगेत थांबणं, आकाशात घिरट्या घालणं हे सगळं धरलेलं असतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो. गर्दीच्या तासाला उड्डाणाआधी वीस-पंचवीस मिनिटं जमिनीवर जाणं नेहमीचं. कंपन्या वेळापत्रकात थोडी ढिलाई ठेवतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमान कधी कधी वेळेवर पोचतं.

खरा वेळ हवा असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्या उड्डाणाचा क्रमांक टाका, मागच्या दहा-बारा दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा लहान ते मोठ्या अशा लावा आणि मधली घ्या. सरासरी घेऊ नका. एखाद्या दिवशी विमान चार तास उशिरा आलं असेल तर सरासरी बिघडते.

पोचण्याची स्थानिक वेळ काढताना हमखास चुकतं. काय करावं?

आधी सगळं भारतीय वेळेत मोजा, शेवटी एकदाच फरक वजा करा. समजा १५ जानेवारीला पहाटे १:३० ला मुंबईहून सुटलात आणि सोळा तास लागले. भारतात संध्याकाळचे ५:३० झाले. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे: तिथे त्याच तारखेचे सकाळचे ७. जुलैत फरक साडेनऊ तासांचा, म्हणजे सकाळचे ८.

परतताना मिळवायचं. न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघून साडेचौदा तासांनी तिथे रात्रीचे २ झाले. त्यात साडेदहा तास मिळवले की मुंबईत दुपारचे १२:३०, दुसऱ्या दिवशीचे. मुलांना विमानतळावर घ्यायला जाणाऱ्यांची तारीख इथेच चुकते.

घड्याळ बदलण्याच्या तारखा सांभाळा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चार होतो. लंडनला विमान बदलणार असाल तर या आठवड्यांत पाठ असलेला फरक वापरू नका.

मधे विमान बदललं तर अंतर किती वाढतं?

वाटतं तेवढं नाही. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०२० मिळून १२,९५०. थेट वाटेपेक्षा चारशे किलोमीटर जास्त, म्हणजे उडण्याचा अर्धा तास. वेळ जातो तो थांब्यावर आणि जास्तीच्या चढ-उतारात. ठोकताळा वापरताना पाऊण तास प्रत्येक उड्डाणाला वेगळा मिळवा.

शहराचं नाव टाकलं तर चालतं का?

तीन अक्षरी कोड टाका. हैदराबाद भारतात आहे (एचवायडी) आणि पाकिस्तानच्या सिंधमध्येही (एचडीडी). बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे आणि अमेरिकेच्या अलाबामातही. गोव्यात दाबोळी (जीओआय) आणि मोपा (जीओएक्स) असे दोन विमानतळ. हवेतून ते एकमेकांपासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत. मुंबईतही आता बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय असे दोन झाले. उडण्याच्या वेळेत यामुळे काही मिनिटांचाच फरक पडतो, पण उतरायचं एकीकडे आणि पुढचं विमान दुसरीकडून असेल तर मधला रस्ता तासांत मोजावा लागतो. पनवेलहून अंधेरीला संध्याकाळच्या गर्दीत जायचं असेल तर दोन तास वेगळे काढून ठेवा, शिवाय सामान पुन्हा द्यायचा वेळ.